कादंबरीचे तुकडे करू नका : इंग्रजी अभ्यास मंडळास खुलं पत्र

मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
इंग्रजी अभ्यास मंडळ, यांस

स. न. वि. वि.

बी.ए. इंग्रजीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमाचा नवा मसुदा आपण महाविद्यालयांकडे पाठवला आहे. त्यात एकही कादंबरी संपूर्ण नेमलेली नाही. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधले दोन उतारे आहेत, हार्डीच्या 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स'मधला एक, शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'मधला एक. वर्डस्वर्थची 'मायकेल' काढून तिच्या जागी 'डॅफोडिल्स' आणली आहे. ती आमच्या मुलांनी बहुधा शाळेतच वाचलेली असते. कीट्सच्या 'टू ऑटम'चं फक्त पहिलं कडवं ठेवलं आहे. यातून मोकळ्या झालेल्या तासांत मुलाखतीची तयारी, ईमेल-लेखन आणि सादरीकरण शिकवायचं आहे.

मसुदा विद्या परिषदेपुढे जाणार आहे. त्याआधी हे जाहीरपणे लिहिते आहे, कारण हरकती कळवण्यासाठी आम्हाला आलेल्या नमुन्यात 'सहमत' आणि 'असहमत' एवढ्या दोनच चौकटी होत्या. कारण लिहायला जागा नव्हती. कारणं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

मी तालुक्याच्या गावी पदवी महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि अशाच एका महाविद्यालयात शिकले. आमच्या घरात शाळेची पुस्तकं सोडली तर छापील कागद म्हणजे पंचांग आणि सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या. इंग्रजीतली पहिली संपूर्ण कादंबरी मी वाचली ती अभ्यासक्रमाला होती म्हणून. नेमलेली नसती तर ती माझ्यापर्यंत यायला दुसरी वाटच नव्हती. ती 'टेस'. चौथ्याच प्रकरणात पहाटेच्या अंधारात टपालगाडीची धडक बसून घरचा घोडा, प्रिन्स, मरतो आणि त्या कुटुंबाची कमाई थांबते. गाडी हाकणाऱ्या थोरल्या मुलीला, टेसला, डुलकी लागलेली असते, म्हणून ती सगळा दोष स्वतःकडे घेते, आणि त्या अपराधी भावनेपोटीच पुढे नको त्या घरी कामाला जायला तयार होते. पेरणीच्या तोंडावर बैल गेला तर घरात काय होतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दूरच्या मुलुखातल्या, १८९१ साली छापलेल्या पुस्तकात आमच्या घरातली गोष्ट इतकी नेमकी कशी आली, या आश्चर्यातूनच मी या विषयाकडे वळले.

म्हणून पहिली तक्रार 'टेस'बद्दलच. आपण निवडलेला उतारा मे महिन्यातल्या नाचाचा आहे : पांढरे कपडे घातलेल्या मुली, हिरवी कुरणं, हसतखेळत चाललेलं गाव. उतारा सुंदर आहे यात वाद नाही. पण तेवढाच वाचणाऱ्या मुलीला वाटेल की हार्डी हा खेड्याच्या सुखाची चित्रं काढणारा लेखक. तीच टेस पुढे फ्लिंटकोंब-अ‍ॅशच्या माळावर गारठ्यात, पावसात कंद खणते. वाफेवर चालणाऱ्या मळणीयंत्रावर दिवसभर उभी राहून पेंढ्या सोडते आणि यंत्र थांबत नाही म्हणून तिलाही थांबता येत नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली सुट्टीत शेतावर मजुरीला जातात. त्यांना नाच दाखवायचा आणि मळणी लपवायची, हे त्या पुस्तकाच्या अर्थाच्या उलट जाणं आहे. 'ग्राफिक' साप्ताहिकात ही कादंबरी क्रमशः येत होती तेव्हा सभ्यतेच्या कल्पनांपायी हार्डीला काही भाग गाळावे लागले होते. टेस आपल्या मरणाऱ्या तान्ह्या बाळाचा स्वतःच बाप्तिस्मा करते, तो प्रसंग त्यातलाच. हार्डीने तो दुसऱ्या नियतकालिकात वेगळा छापून घेतला आणि पुस्तक निघताना पुन्हा जागेवर बसवला. लेखकाने झगडून पूर्ण केलेलं पुस्तक आता आपण पुन्हा कापतो आहोत.

'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चे जे दोन उतारे आहेत, स्मशानातला कैदी आणि मिस हॅविशॅमचं घर, ते निवडणाऱ्याला पुस्तक चांगलं माहीत आहे हे दिसतं. तरीही ते पुरे पडत नाहीत, आणि का पडत नाहीत हे मला जरा सविस्तर सांगू द्या. कादंबरीचा नायक पिप हा खेड्यातला गरीब पोर. त्याला अचानक श्रीमंती मिळते. कोणाकडून, ते त्याला माहीत नसतं. तो धरून चालतो की मिस हॅविशॅम या श्रीमंत बाईने दिली, आणि वाचकही त्याच्यासोबत तेच धरून चालतो. एकूण ५९ प्रकरणं. तो कैदी, मॅग्विच, वादळी रात्री पिपच्या दारात उभा राहून सत्य सांगतो ते ३९व्या प्रकरणात. तोवर आपण पिपइतकेच चुकलेलो असतो. त्याच्यासारखंच आपणही कष्टाच्या हातांकडे पाठ फिरवून दिमाखाच्या घराकडे पाहत राहिलेलो असतो. हा धक्का बसण्यासाठी आधी ३८ प्रकरणं जगावी लागतात. उताऱ्याला वाचकाची अशी फसगत करता येत नाही, म्हणून त्याला जागंही करता येत नाही. उताऱ्यातून फक्त माहिती मिळते की मॅग्विच नावाचं एक पात्र आहे.

त्याच पुस्तकाचं २७वं प्रकरण. खेड्यातला लोहार जो, ज्याने पिपला वाढवलं, तो त्याला भेटायला लंडनला येतो. धड बसता येत नाही, टोपी कुठे ठेवावी कळत नाही, आणि ज्याला मांडीवर खेळवलं त्यालाच मध्येच 'सर' म्हणतो. पैसे देऊन ही भेट टाळता आली असती तर टाळली असती, असं पिप स्वतःच वाचकाला सांगतो. आमच्या गावातून पुण्याला किंवा संभाजीनगरला शिकायला गेलेल्या मुलाच्या खोलीवर वडील धोतर-टोपीत भेटायला आले, तर त्या मुलाच्या मनात जे होतं ते इतक्या निर्दयपणे आणि इतक्या मायेने लिहिलेलं मी दुसरीकडे क्वचित वाचलं आहे. पण जोच्या भट्टीजवळच्या संध्याकाळी आधी वाचल्या नसतील, तर हा फक्त एका गांगरलेल्या खेडुताचा प्रसंग उरतो आणि मुलं त्याला हसतात.

आता 'मायकेल'. मसुद्यातल्या सगळ्या बदलांत हा मला सर्वांत जास्त लागला.

या कवितेला पाचशेही ओळी नाहीत. ग्रासमियरजवळच्या डोंगरातला म्हातारा मेंढपाळ मायकेल, त्याची बायको इझाबेल आणि उतारवयात झालेला एकुलता एक मुलगा ल्यूक. मायकेल पुतण्याला जामीन राहिलेला असतो. पुतण्यावर अचानक आपत्ती येते आणि ते देणं मायकेलच्या गळ्यात पडतं. वडिलार्जित जमिनीचा तुकडा विकायचा, की पोराला शहरातल्या नातेवाइकाकडे कमवायला पाठवायचं? मायकेल पोराला पाठवायचं ठरवतो. नवऱ्याला रात्री नीट झोप लागत नाही हे पाहून इझाबेल मुलाला म्हणते, जाऊ नकोस, आम्हाला गमवायला दुसरं लेकरू नाही. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बाप मुलाला ओढ्याकाठी नेतो, तिथे बांधायच्या मेंढवाड्याचा पहिला दगड त्याच्या हातून बसवून घेतो आणि सांगतो, तू परत येशील तेव्हा हे काम पुरं झालेलं असेल. सुरुवातीला पत्रं चांगली येतात. मग ल्यूक बिघडतो, बदनाम होतो आणि समुद्रापलीकडे तोंड लपवायला निघून जातो. म्हातारा त्यानंतर सात वर्षं त्या मेंढवाड्यापाशी जात राहतो. काही दिवस तर एकही दगड उचलत नाही. काम अर्धवटच राहतं. तो जातो, तीनेक वर्षांनी इझाबेल जाते, जमीन परक्याच्या हाती पडते आणि जिथे घर होतं तिथे नांगर फिरतो.

महाराष्ट्रातल्या खेड्यात ही कविता शिकवण्यासाठी वेगळी प्रस्तावना लागते का? जामीन, वडिलोपार्जित शेत, शहरात गेलेला मुलगा, हळूहळू बंद होत जाणारी खबरबात. तास संपल्यावर एका मुलाने मला सांगितलं होतं की त्याच्या चुलत्यानेही अशीच कुणाच्या तरी कागदावर सही केली होती. एका मुलीने वर्गातच विचारलं की इझाबेलला दिसत होतं ते मायकेलला का दिसलं नाही. त्या प्रश्नावर आमचा पुढचा अख्खा तास गेला. विद्यार्थ्यांना विचार करायला लावणं हे आपल्या मसुद्याच्या उद्दिष्टांत पहिल्या ओळीत लिहिलेलं आहे. ते घडतं कसं, ते हे.

आणखी एक. ही कविता 'लिरिकल बॅलड्स' या कवितासंग्रहाच्या १८०० सालच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिली गेली. जानेवारी १८०१मध्ये वर्डस्वर्थने ते पुस्तक चार्ल्स जेम्स फॉक्स या मोठ्या राजकीय नेत्याला पाठवलं आणि सोबतच्या पत्रात याच कवितेकडे लक्ष वेधलं. आपल्या जमिनीच्या लहानशा तुकड्यावर जगणारी कुटुंबं नाहीशी होत चालली आहेत आणि जमिनीसोबत त्यांच्यातला मायेचा धागाही तुटतो आहे, असं त्याचं म्हणणं होतं. राज्यकर्त्यांपुढे ठेवण्यासारखी गोष्ट म्हणून कवीने जी कविता पुढे केली, ती शेतकऱ्यांच्या मुलांच्या अभ्यासक्रमातून आपण काढतो आहोत. 'डॅफोडिल्स' मलाही आवडते. पण ती 'मायकेल'च्या जागी बसत नाही.

'टू ऑटम'बद्दल थोडक्यात. संपूर्ण कविता ३३ ओळींची आहे. पहिल्या कडव्यात फळं भरतात, दुसऱ्यात सुगी संथ होत जाते, तिसऱ्यात धसकटांचं शेत, संध्याकाळ आणि जमा होणाऱ्या पाकोळ्या येतात. सप्टेंबर १८१९मध्ये हे लिहिताना कीट्स २३ वर्षांचा होता आणि फेब्रुवारी १८२१मध्ये रोममध्ये क्षयाने गेला. भरलेपणातून निरोपाकडे जाणं हीच ती कविता आहे. २२ ओळी वगळून किती वेळ वाचणार आहे?

परीक्षेचं सांगायचं तर प्रश्नपत्रिकेत निम्मे गुण वस्तुनिष्ठ प्रश्नांना दिले आहेत आणि सोबत प्रश्नपेढीही येणार आहे. पिपच्या बहिणीचं नाव काय, 'टेस' कोणत्या साली प्रसिद्ध झाली, हे विचारलं की मुलं गाइड घेतात आणि पुस्तक उघडतही नाहीत. यात मुलांचा काही दोष नाही. जे विचारलं जातं तेच वाचलं जातं.

मसुद्यासोबतच्या टिपणात कारणं दिली आहेत. त्यातलं पहिलं असं, की ग्रामीण विद्यार्थ्यांना लांब पुस्तकं झेपत नाहीत. हे वाक्य मी अनेक बैठकांत ऐकलं आहे आणि दर वेळी मला त्याचा त्रास झाला आहे. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' मुळात डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात दर आठवड्याला थोडी थोडी करून लोकांनी वाचली, ३६ हप्त्यांत. एका बैठकीत संपवायची म्हणून ती लिहिलेलीच नव्हती. आपल्या दोन सत्रांत ती जवळजवळ त्याच गतीने बसते. दोन श्रेयांकांच्या (क्रेडिट्सच्या) ३० तासांच्या पेपरात ती कोंबली की झेपत नाही, हे खरं आहे. पण मग अडचण श्रेयांकांच्या मांडणीत आहे, मुलांच्या बुद्धीत नाही. वर्गात मराठीतून चर्चा करू दिली, कठीण परिच्छेद मोठ्याने वाचले, तर मुलं पुस्तक पार करतात. मी हे वर्षानुवर्षं पाहिलं आहे. खरी अडचण, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही, ती ही, की कित्येक महाविद्यालयांत इंग्रजीची पदं रिकामी आहेत आणि तासिका तत्त्वावरचा शिक्षक तीन ठिकाणी धावत असतो. त्याला कादंबरी वाचून घ्यायला उसंत कुठून मिळणार?

दुसरं कारण रोजगार. माझ्या विद्यार्थ्यांना नोकरी मिळावी ही इच्छा माझ्याइतकी आपल्यापैकी कुणाचीच नसेल असं मी म्हणणार नाही, आपल्या सगळ्यांचीच ती आहे. पण ईमेल-लेखनासाठी कौशल्याधारित अभ्यासक्रमांचे वेगळे श्रेयांक आधीच आहेत. साहित्याच्या मुख्य (मेजर) पेपरातून ते पुन्हा कशाला घ्यायचे? शिवाय भाषा अंगवळणी पडते ती भरपूर वाचून. चारशे-पाचशे पानं इंग्रजी वाचलेल्या मुलीला अर्ज लिहायला शिकवणं सोपं जातं, हा अनुभव कोणत्याही शिक्षकाला विचारा.

तिसरं कारण अधिक गंभीर आहे आणि त्याला मी मान देते : हे वसाहतकाळाचं ओझं आहे, ते कमी करावं. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवी-शाखा १८९४मध्ये सुरू झाली. मुंबई विद्यापीठ १८५७चं आहे, म्हणजे इंग्रजी साहित्य आपल्याकडे त्याआधीच शिकवलं जात होतं. हा विषय आपल्याकडे राज्यकर्त्यांच्या हेतूंनी आला हे लपवायचं कारण नाही. म्हणूनच मसुद्यात नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे आले याचा मला मनापासून आनंद झाला. पण त्यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीचं नावच आयरिश कवी येट्सच्या 'द सेकंड कमिंग' या कवितेतून घेतलं आहे, आणि येट्स आपण वगळला आहे. जीन ऱ्हीसने १९६६ साली 'वाइड सार्गॅसो सी' लिहून 'जेन एअर'मधल्या माळ्यावर कोंडलेल्या बाईला आवाज दिला. ते उत्तर कळायला १८४७चा मूळ प्रश्न संपूर्ण वाचावा लागतो. अर्धवट वाचून कुणाशी वाद घालता येत नाही.

आपल्या मराठी लेखकांनी या साहित्यापुढे मान खाली घातली नाही, ती त्यांनी ते पूर्ण वाचलं म्हणूनच. वर्डस्वर्थचा नातू, त्याचंही नाव विल्यम, डेक्कन कॉलेजात आणि एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होता. आगरकरांनी १८८३ साली शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. केशवसुतांनी सुनीत, म्हणजे चौदा ओळींचं सॉनेट, मराठीत रुजवलं. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि त्यांनी 'राजा लिअर' मराठीत आणला. शिरवाडकरांनी त्याच लिअरच्या व्यथेतून १९७० साली 'नटसम्राट'मधला अप्पा बेलवलकर उभा केला, तो आज घराघरांत ठाऊक आहे. यांतलं काहीही उताऱ्यांवरून झालेलं नाही.

सगळंच्या सगळं ठेवा असा माझा हट्ट नाही. मिल्टनचं 'पॅरडाइज लॉस्ट' बाराही सर्ग नेमा असं मी म्हणणार नाही. पहिला सर्ग, ७९८ ओळी, हा एक स्वयंपूर्ण भाग म्हणून शिकवता येतो. जॉर्ज एलियटची 'मिडलमार्च' मला फार प्रिय आहे, तरी ती पदवीला नको, एम.ए.ला असू द्या. निवड करावीच लागते. माझं म्हणणं इतकंच, की निवडलेली कलाकृती पूर्ण असावी. शहरातल्या सुशिक्षित घरातली मुलं ही पुस्तकं अभ्यासक्रमाबाहेरही वाचतील. आमच्या मुलांचं दार अभ्यासक्रम हेच आहे.

माझ्या मागण्या स्पष्टपणे मांडते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाला प्रत्येकी किमान एक कादंबरी संपूर्ण नेमावी, आणि ती दोन सत्रांत विभागून शिकवण्याची मुभा द्यावी. महाविद्यालयांना तीन-चार कादंबऱ्यांतून आपली निवड करू द्यावी.

'मायकेल' परत घ्यावी. कोणतीही कविता कडवी तोडून नेमू नये. वेळ कमी असेल तर कवितांची संख्या कमी करावी.

अचेबे ठेवावेत आणि येट्सही ठेवावा. 'जेन एअर' संपूर्ण ठेवता येत नसेल तर उतारा काढून टाकावा.

वस्तुनिष्ठ प्रश्नांचे गुण कमी करून पुस्तक उघडं ठेवून लिहायचं एक तरी दीर्घ उत्तर असावं. ते इंग्रजीत लिहिताना व्याकरणाच्या चुकांसाठी गुण कापण्यावर मर्यादा असावी, म्हणजे मुलं स्वतःच्या शब्दांत लिहायला धजावतील.

पुस्तकांच्या खर्चाची सबब कुणी पुढे करू नये. डिकन्स १८७०मध्ये गेला, हार्डी १९२८मध्ये. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. डिकन्स-हार्डींची ही पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर मोफत आहेत आणि लिब्रिव्हॉक्सवर ती मोठ्याने वाचलेलीही ऐकता येतात. विद्यापीठाने शब्दार्थांच्या मराठी टिपा जोडून त्यांच्या स्वस्त प्रती काढाव्यात. टिपांचं काम मी आणि माझे सहकारी विनामूल्य करायला तयार आहोत.

शेवटची मागणी प्रक्रियेबद्दल आहे. मसुदा विद्या परिषदेकडे पाठवण्याआधी जिल्हावार बैठका घेऊन तालुक्याच्या महाविद्यालयांतल्या शिक्षकांचं, तासिका तत्त्वावरच्यांचंही, म्हणणं ऐकावं. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही बोलवावं. आणि हरकतींवर मंडळाने काय ठरवलं, ते कारणांसह विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जाहीर करावं. या पत्राचं उत्तरही मला तिथेच, लेखी हवं आहे.

आपली,
तालुक्याच्या महाविद्यालयातली इंग्रजीची एक शिक्षिका